ऑफिसातलं ओलं पोतं

१

फटाक्याच्या कारखान्यात नको तेव्हा ‘फट्’ असा आवाज झाला तर कुणी विचार करत बसत नाही. त्या सकाळीही कुणी बसलं नाही. हातातली सुतळी आणि पुठ्ठ्याच्या नळ्या जागच्या जागी टाकून शेडमधल्या बायका कुंपणापलीकडच्या रिकाम्या रानात पळाल्या. फाटकावर सारजाबाई घंटा बडवू लागल्या. मी नेमका त्याच वेळी फाटकातून आत येत होतो.

“अप्पा, फिरा माघारी!” त्या ओरडल्या. “बघताय काय? पळा!”

पळण्याचं माझं वय राहिलेलं नाही. मी आपला बायकांच्या मागून चालत रानात जाऊन उभा राहिलो. धूर नव्हता, जाळ नव्हता. थोड्या वेळानं ऑफिसच्या दारात शिवप्रिया दिसली. कारखान्याच्या ऑर्डरी आणि मालाच्या नोंदी तिच्याकडं असतात. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

“शेडमध्ये काही नाही झालं,” ती म्हणाली. “कम्प्युटर उडाला.”

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग बायकांतून एक आवाज आला, “एवढ्या बारुदीत कम्प्युटरच उडायचा ऱ्हायला व्हता व्हय!” आणि भीतीनं गारठलेल्या त्या सगळ्या पोट धरून हसू लागल्या.

मालक हिंमतराव तेवढे हसले नाहीत. ते हात मागं बांधून उभे होते. “पाणी प्या आणि कामाला लागा,” एवढंच बायकांना म्हणाले. मग शिवप्रियाकडं न बघता म्हणाले, “उत्कर्षला फोन लाव.”

दिवाळी तोंडावर आली होती. आमच्या तेरखेड्यातल्या प्रत्येक कारखान्याचं वर्ष याच दिवसांवर उभं असतं. हिंमतरावांच्या सगळ्या ऑर्डरी त्या एका मशीनमध्ये होत्या. तरी ऑर्डरींची शिवप्रियाला फार काळजी नव्हती, कारण मशीनच्या मागं एक छोटी काळी डबी जोडलेली असे. रोज संध्याकाळी मशीनमधलं सगळं त्या डबीत उतरायचं. मशीन गेलं तरी डबी शाबूत असणार.

आम्ही ऑफिसात आलो आणि ती टेबलाखाली वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

“अप्पा,” ती आतूनच म्हणाली, “डबी नाही.”

२

मी त्या दिवशी तिथं का गेलो होतो, ते सांगायला हवं. गावातलं वाचनालय मी आयुष्यभर सांभाळलं. आता ते दुसरं कुणी सांभाळतं आणि मी घरी वाचतो. इंग्रजीतलं काही आलं की हिंमतराव माझ्याकडं पाठवतात. या खेपेला त्यांनी दोन प्रस्ताव पाठवले होते. कारखान्याचे कम्प्युटर कुणी सांभाळायचे, हा प्रश्न होता. आजवर हिंमतरावांचा मुलगा उत्कर्ष पुण्यात नोकरी करता करता लांबूनच ते बघायचा. आता त्याला वेळ होत नव्हता.

एक प्रस्ताव पुण्याच्या कंपनीचा होता. ‘मॅनेज्ड सर्व्हिस’ असं त्याचं नाव. म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची आणि काळजी त्यांच्यावर सोडायची. ते पुण्यात बसून आपल्या मशीनवर सतत लक्ष ठेवणार, बिघाड व्हायच्या आधीच तो ओळखणार आणि तिथूनच दुरुस्त करणार. जबाबदारी त्यांची.

दुसरा प्रस्ताव वीरेशचा. उत्कर्षला लांबून जमलं नाही की कारखान्यात आजवर तोच यायचा. त्याचं आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीला, कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि धाराशिवचे त्याचे दोन मित्र जोडीला आहेत. तो ‘आउटसोर्सिंग’ म्हणत होता. म्हणजे आपण कामं ठरवायची आणि ती बाहेरच्या माणसांना द्यायची. सांगितलं की ते येणार, करणार. पण काय करून घ्यायचं आणि ते नीट झालं की नाही, याची जबाबदारी आपल्याच डोक्यावर.

दोन्ही कागद मी पुन्हापुन्हा वाचले होते. मला कळलं असं वाटायचं आणि लगेच वाटायचं, आपल्याला काय कळणार यातलं. शेवटी काहीतरी ठरवलं आणि ते सांगायला गेलो. माझ्या मताची आता कुणाला गरजच उरली नव्हती, हे तिथं गेल्यावर कळलं. उत्कर्षनं पुण्याची कंपनी पक्की केली होती आणि आदल्या संध्याकाळी वडिलांना सांगून वीरेशला तसं कळवायला लावलं होतं.

वीरेश तेव्हा ऑफिसातून आपली हत्यारं न्यायला आला होता. जाताना दारातून मोठ्यानं बोलून गेला, “तुमचं मशीन जळालं तरी मला बोलवू नका!”

ते सगळ्यांनी ऐकलं होतं.

दुपारी उत्कर्षची गाडी आली. त्यानं वडिलांकडं बघून मान हलवली आणि थेट ऑफिसात शिरला. मशीन आडवं करून त्याचे स्क्रू काढून बशीत ठेवले आणि झाकण उचललं. आतल्या हिरव्या पट्टीवर पाणी सुकल्याचे पांढरे डाग होते. एका कोपऱ्यात अजून ओल होती. मधे काळा जळका ठिपका.

“पाणी ओतलंय कुणीतरी,” तो म्हणाला. “आणि बॅकअप पळवलाय. हे आतल्या माहितगाराचं काम आहे. बाबा, वीरेशच.”

हिंमतराव खिडकीतून बाहेर बघत होते.

“मी संध्याकाळच्या आत पोलिसांत तक्रार देणार,” उत्कर्ष म्हणाला.

मला वीरेश लहानपणापासून माहीत आहे. वाचनालयात तो पुस्तकं परत करायचा ती नवं कव्हर घालून. पण चांगला वाचक म्हणजे चांगला माणूस, असं काही नसतं. एवढं मात्र खरं की त्याच्या धंद्यात लोक दुकानाची, दवाखान्याची किल्ली त्याच्या हातात देतात. एकदा चोर म्हणून नाव झालं की या भागात त्याला कुणी दारातही उभं करणार नव्हतं.

“उत्कर्ष,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. “संध्याकाळपर्यंत थांबशील? मी जरा विचारून बघतो.”

“तुम्ही, अप्पा?” तो हसला नाही, हे त्याचं सौजन्य. “विचारा. पण गाडी संध्याकाळी निघणार.”

३

वीरेश फाटकाबाहेरच्या दगडावर बसला होता. बातमी कळताच तो आपण होऊन आला होता आणि उत्कर्षनं त्याला आत येऊ दिलं नव्हतं.

“काल ‘जळालं तरी’ असं कशाला बोललास?” मी विचारलं.

“राग आला म्हणून बोललो, अप्पा. जाळायचं असतं तर बोललो असतो का?” त्यानं मातीत काडीनं रेघ ओढली. “तुम्ही वाचला ना माझा प्रस्ताव? इंग्रजी लई वाईट होतं का?”

“इंग्रजी बरं होतं.”

“मग नाही का म्हणाले?”

“ते मी कसं सांगू?”

त्यानं काडी फेकून दिली. मग म्हणाला, “ते मशीन मला पाठ आहे. मला नुकसान करायचं असतं तर आतला सगळा माल पुसून टाकला असता आणि बाहेरून ओरखडासुद्धा दिसला नसता. पाणी कोण ओततं? पाणी म्हणजे...” त्यानं हात झटकले. “पाणी म्हणजे आमच्या धंद्यात पाप आहे.”

“तुझी हत्यारं दाखव.”

त्यानं पिशवी उलटी केली. सगळे स्क्रूड्रायव्हर पोलादी, टोकाला काळपट.

“बाकी काही आठवतं? आधी कधी बिघडलं होतं?”

“कायम! पण फालतू. कधी प्रिंटरची वायर ढिली, कधी माउसची निघालेली. मी आपला उंदीर म्हणायचो. पिंजराही लावायला सांगितला होता. उंदीर काही सापडला नाही.”

मी परत ऑफिसात गेलो. उत्कर्ष मोबाइलसाठी फाटकावर गेला होता. ऑफिसातला तारेचा फोन सोडला तर कारखान्यात फोन न्यायची बंदी आहे. सगळ्यांचे फोन फाटकावरच्या लाकडी पेटीत राहतात, मालकांचासुद्धा.

टेबलावर बशीत मशीनचे स्क्रू होते. मी चष्मा पुसून एक उचलला. त्याच्या खाचेत पिवळी रेघ होती. दुसऱ्याच्या खाचेतही. दसरा नुकताच झाला होता आणि पूजेला मशीनला हळद लागतेच. मी बोट ओलं करून घासलं. हळद असती तर बोट पिवळं झालं असतं.

बोट स्वच्छ राहिलं. रेघ तशीच चकाकत होती.

४

“माझ्यावर संशय आहे ना तुमचा?” शिवप्रियानं मी बसायच्या आधीच विचारलं.

“मी कुणावर...”

“घ्या की संशय. ऑफिसची किल्ली माझ्याकडं असते. पुण्याची कंपनी आली की ऑर्डरी तिकडूनच नोंदवतील म्हणे, मग मला कोण ठेवतंय? पण अप्पा, मला मशीन बिघडवायचं असतं तर मी हंगामाच्या ऑर्डरी टाइप करायच्या आधी बिघडवलं नसतं का? बोटं दुखायला लागलीत माझी.”

हे मला पटलं. “किल्ली आणखी कुणाकडं?”

“सारजाबाईंकडं एक, मालकांकडं एक.”

“सकाळी आलीस तेव्हा काय काय होतं?”

“मशीनवर कापड नीट घातलेलं होतं. मी घालते त्याहून नीट. खाली टेबलापाशी एक पोतं पडलं होतं, ओलंकिच्च. सारजाबाईंनी फरशी पुसून टाकलं असेल म्हणून बाहेर फेकलं. मग बटण दाबलं आणि फट्.”

चोर पाणी ओततो, डबी नेतो आणि जाताना मशीनवर कापड पांघरून जातो. मला हे चमत्कारिक वाटलं. पुस्तकांतले चोर मी पुष्कळ बघितलेत, त्यांच्यात असा सापडला नव्हता.

“मशीन बघायला येणार होती ती पुण्याची मुलगी?” मी विचारलं. “कंपनीची?”

“सोनाली? ती येऊन केव्हाच गेली. तिची तर गंमतच झाली. अंगात नायलॉनचा ड्रेस. सारजाबाईंनी आत सोडलंच नाही. ठिणगी उडते म्हणून. शेवटी सुती चादर गुंडाळून आली बिचारी.” शिवप्रियाला हसू आलं. “मालकांना मात्र तिनं चांगलं समजावलं. म्हणाली, ‘काका, आता तुम्हाला कुणाला बोलवावंच लागणार नाही. मुलालाही त्रास नाही.’ मालक म्हणाले, ‘कुणालाच?’ ती म्हणाली, ‘कुणालाच!’”

“मग?”

“मग काय, मालक उठून शेडकडं गेले. त्यांना कम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण आवड लई. प्रिंटर बंद पडला ना, की ते वीरेशदादांना बोलवू देत नाहीत. आधी उत्कर्षदादांना फोन. दादा पुण्यातून जोडून घेतात आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागतो. मालक खुर्ची ओढून समोर बसतात. बाण इकडं गेला की इकडं बघतात, तिकडं गेला की तिकडं. मी म्हटलं एकदा, ‘मालक, तुम्हाला काय समजतंय त्यातलं?’ तर म्हणाले, ‘उत्कर्षचा हात आहे तो.’”

ती सहज बोलली आणि कागद आवरू लागली. मला मात्र उठून उभं राहावंसं वाटेना. माझ्या मनात एक विचार आला होता आणि तो खोटा ठरावा, असं मला फार वाटत होतं.

५

“अप्पा, तुमी पुस्तकातनं मान वर काढली, म्हंजी कायतरी लई वंगाळ झालंय,” सारजाबाई म्हणाल्या. त्या फाटकाशेजारी सावलीत बसल्या होत्या. तरुणपणी त्या शेडमध्येच काम करायच्या. उजव्या हाताला भाजल्यापासून फाटकावर.

“सारजाबाई, काल तुम्ही ऑफिसची फरशी पुसली?”

“न्हाय. आठवड्याची पुसणी शनवारी.”

“मग पोतं कुणाचं?”

त्यांनी शिवप्रियानं फेकलेलं पोतं बघितलं होतं. “त्ये शेडमधलं हाय. तुमाला ठावं नव्हं? बारुदीचं काय बी उघडायचं तर खाली ओलं पोतं, भवती पान्याचा शिपका, अन् हात ओलं करूनच हात लावायचा. कोरडा हात म्हंजी मरन. म्या लगीन करून आले तवा सासूनं आधी ह्ये शिकिवलं, मंग भाकरी.”

मला ते ठाऊक होतं. गावात कुणाला ठाऊक नाही? पण ते पोतं मनातल्या मनात ऑफिसच्या टेबलापाशी ठेवून मी कधी बघितलं नव्हतं.

“आणि हत्यारं? शेडमधली?”

“पितळंची. लोखंड चालत न्हाय, ठिणगी पडंल. सांजच्याला मालक सोता मोजून कपाटात ठेवत्यात. किल्ली त्यांच्या कंबरंला.” त्या बोलता बोलता थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मग दुसरीकडं बघितलं. “म्या तर ह्या हातानं इळी बी धरत न्हाय,” त्या हळू म्हणाल्या.

“तुम्हाला कोण काय म्हणतंय?”

“म्हनलं न्हाय कुनी. पर तुमी इचारताय म्हनून सांगते. सकाळी ऑफिसच्या मागल्या भिंतीखाली वाळू सांडली व्हती. आगीसाठी टांगलेल्या बादलीतली. म्या झाडून काढली. मांजर चढलं आसंल.”

मी ऑफिसच्या मागच्या भिंतीकडं गेलो. लाल बादल्या ओळीनं टांगलेल्या होत्या. ज्याचा जन्म बारुदीत गेला, त्याला एखादी जपायची वस्तू ठेवायची असेल, आणि तिच्यात वीज असते एवढंच माहीत असेल, तर तो ती कुठं ठेवेल? तिजोरीत नाही. जिथं ठिणगी पडली तरी विझते तिथं.

पहिल्या बादलीत नुसती वाळू होती. दुसऱ्या बादलीत हात घातला आणि बोटांना कापड लागलं. सुती फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, कडक.

मी हात काढून घेतला आणि वाळू होती तशी सारखी केली.

६

हिंमतराव हत्यारांच्या कपाटासमोर बाकावर बसले होते. शेडमधल्या बायका दिवसाचं काम आवरत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसलो. असं आम्ही पुष्कळदा बसलो आहोत. त्यांची बायको गेली त्या वर्षी तर रोज. फारसं बोलायचं नसे. दोन एकटी माणसं एका बाकावर बसली म्हणजे सोबत होतेच असं नाही, पण आम्ही बसायचो.

“माझं चुकत असेल तर तसं सांगा,” मी म्हणालो. “मला चुकलेलंच आवडेल.”

ते कपाटाकडं बघत राहिले.

“मशीन उघडणाऱ्यानं खाली ओलं पोतं अंथरलं. म्हणजे तो कम्प्युटरवाला नव्हे, बारुदीचा माणूस. नुकसान करायला पाणी ओतलं नाही त्यानं. सवयीनं शिपका मारला, हात ओले केले, आणि ते पाणी आत उतरलं. स्क्रूच्या खाचांत पिवळं लागलंय. वीरेशची हत्यारं पोलादी आहेत. पितळ इथं या कपाटात असतं आणि कपाटाची किल्ली एकाच्याच कंबरेला असते. बरं, चोराला नोंदी हव्या असत्या तर डबी घेऊन गेला असता. यानं ती काढून वाळूत जपून ठेवली. जाताना कापडही पांघरलं.” मी थांबलो. “आणि उंदीर कधी सापडलाच नाही.”

कपाटाची किल्ली ते बोटांत फिरवत होते.

“बाहेरची वायर काढली की तो फोनवरनंच सांगतो,” हिंमतराव म्हणाले. “‘बाबा, मागं बघा, निळी वायर बघा.’ झालं. या खेपेला म्हणाला, आता कंपनी बघेल, मला फोन करायची गरज नाही. म्हटलं, आतली एखादी काढावी. आतली काढली तर त्याला यावंच लागेल. डबी आधी काढून ठेवली. वीरेश म्हणायचा, सगळं तिच्यात असतं. कुणाचं नुकसान करायचं नव्हतं, अप्पा.”

“पण पाणी...”

“कोरड्या हातानं कसं उघडू? उभ्या जन्मात उघडलं नाही.”

“तो आला ना.”

“आला. आल्यापासून त्या मशीनशीच बोलतोय.”

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दोघांनीही ऐकला.

“वीरेश दुपारपासून फाटकावर बसलाय,” मी म्हणालो.

“तुम्ही सांगा उत्कर्षला. तुम्हाला बोलता येतं नीट.”

मला! मला चार माणसांत तोंड उघडायचं म्हणजे घाम फुटतो, हे त्यांना ठाऊक होतं. “मी सांगितलं तर कुणी केलं तेवढं कळेल त्याला,” मी म्हणालो. “का केलं, ते माझ्याकडून कसं कळणार?”

ते उठले नाहीत. गाडीचा आवाज फाटकाच्या दिशेनं सरकला. मी एकटाच निघालो. चार पावलं गेल्यावर मागं कपाटाला किल्ली आपटल्याचा आवाज झाला, पण ते येताहेत की नाही, हे वळून बघायचं धाडस मला झालं नाही.

७

सुटीची वेळ होती. बायका पेटीतून आपापले फोन घ्यायला फाटकावर जमल्या होत्या आणि गाडीला वाट मिळत नव्हती. उत्कर्षनं खिडकीतून मान काढली. “अप्पा, काय झालं? मिळालं काही?”

मी तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्या बाजूनं एक हात पुढं आला आणि त्यानं गाडीच्या बॉनेटवर वाळूनं माखलेलं फडकं ठेवलं. हिंमतरावांनी ते उलगडलं. आत काळी डबी होती.

“वीरेशनं काही केलं नाही,” ते म्हणाले. “मी केलं.”

“बाबा, काहीही काय बोलताय?”

“प्रिंटरची वायरही मीच काढायचो. माउसचीही.”

उत्कर्ष गाडीतून उतरला. आधी डबीकडं बघितलं, मग वडिलांच्या हातांकडं. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. “बोलायचं होतं तर फोन करायचा ना, बाबा.”

“करतो की. तू म्हणतोस, ‘बोला बाबा.’ मग मला काही सुचत नाही. कम्प्युटर बिघडला की सुचतं.”

पेटीत कुणाचा तरी फोन वाजत होता. तो कुणी घेतला नाही.

हिंमतराव वीरेशकडं वळले. “चूक माझी आहे, पोरा. काम तुलाच देतो. आत्ता अप्पांसमोर सांगतो.”

वीरेश दगडावरून उठला होता. “मालक, मी दुपारपासून इथं बसलोय,” तो म्हणाला. “तुम्ही दोनदा माझ्या समोरून गेलात.”

हिंमतराव फडक्याची घडी घालू लागले.

“मला काम नको,” वीरेश म्हणाला. “ह्या एवढ्या बायका आता घरोघर जाऊन सांगणार आहेत. त्यांच्यासमोर काय ते बोला, तेवढं पुरे.”

उत्कर्ष पुढं झाला. त्यानं आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “मी वीरेशला चोर म्हणालो. ते खोटं होतं. त्यानं आमच्या मशीनला हात लावलेला नाही. मी माफी मागतो.”

“ऐकलं गं सगळ्यांनी?” सारजाबाईंनी दरडावून विचारलं.

“व्हय, ऐकलं,” बायका म्हणाल्या.

वीरेशनं पिशवी खांद्याला लावली. आपल्या मोटारसायकलला किक मारताना हिंमतरावांना म्हणाला, “पुण्याचीच कंपनी घ्या, मालक. त्यांना इथं यावं लागत नाही.” टोमणा होता की सल्ला, मला कळलं नाही. तो गेला. बायकाही एकेक करून पांगल्या.

“अप्पा,” उत्कर्षनं मला विचारलं, “तुम्ही कोणतं ठरवलं होतं?”

“वीरेशचं,” मी म्हणालो. “पुण्याचं जास्त सोयीचं होतं. सगळी काळजी त्यांच्यावर. वीरेशच्यात निम्मी काळजी आपल्यालाच करावी लागली असती, त्याला बोलवावं लागलं असतं, चहा पाजावा लागला असता. मला वाटलं, इथं तेच बरं. माझं चुकलंही असेल.”

“आणि आता?”

“आता दुसरं उरलंच काय?”

त्यानं मान हलवली. मोबाइल काढला, सोनालीचा नंबर काढला आणि मग फोन न लावताच तो पेटीत ठेवला. “उद्या लावतो,” तो म्हणाला. “शिवप्रियाची नोकरी राहणार, हे आधी लिहून घ्यावं लागेल.” गाडी त्यानं वळवून आत लावली.

सारजाबाईंनी आपली भाकरी, पिठलं आणि कांदा ऑफिसच्या टेबलावर आणून ठेवला. मशीन उचलून कोपऱ्यात सरकवलं होतं, म्हणून तिथं दोघांपुरती जागा झाली. “तुमी बी बसा की, अप्पा,” त्या म्हणाल्या. मी नको म्हणालो. घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, पण त्या टेबलावर तिसऱ्यासाठी जागा नव्हती, असं मला वाटलं.

चपला घालताना मी दारात जरा रेंगाळलो. बापलेक समोरासमोर बसले होते. दोघांच्याही माना खाली. कुणी काही बोलत नव्हतं. नुसता भाकरी मोडल्याचा आवाज येत होता, एकदा इकडून, एकदा तिकडून.